बारा बरण्या

दक्षिण फ्रान्स, १२ जानेवारी १९९६

ती. म्युरिएल वन्सं,
सा. न. वि. वि.

समुद्र शांत होता, तरी तुमच्या भावाने बोटीवर तोंड हिरवं करून घेतलंच. आता पिरेनीजच्या पायथ्याशी आहोत. परवा वर डोंगरातल्या कॅम्पवर जाऊ, पंचवीस तारखेपर्यंत तिथेच मुक्काम. पत्ता मागे लिहिलाय. मग पलीकडे उतरून स्पेन, नेहमीसारखं.

एक गंमत सांगते. निघायच्या आदल्या दिवशी क्लिफर्ड व्हॅन वजनकाट्यावर नेऊन आला तो तोंड पाडूनच. बारा किलो जास्त भरलं होतं. मी म्हटलं, ताईंच्या संत्र्याच्या मार्मलेडच्या बारा बरण्यांतल्या दहा ठेव घरी, दोन पुरेत. तर म्हणे, ताईला काय वाटेल? तासाभराने आला आणि म्हणाला, जमवलं सगळं. नंतर मी नळ बंद करायला गॅरेजमध्ये गेले, तर गवत कापायच्या यंत्रामागे पोत्याखाली बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या. तुमच्या बरण्या मात्र व्हॅनमधल्या आमच्या बिछान्याखाली सुखात आहेत.

मी बोलले नाही. चूक दाखवली की त्याचा चेहरा एवढासा होतो, आणि मग दोन दिवस चहासुद्धा बेचव लागतो. तुम्हीही बोलू नका, माझी शपथ. हे पत्र वाचून शेगडीत टाका. यंदा बर्फ कमीच आहे म्हणतात. छातीचं दुखणं गोळ्यांनी आवरलंय.

मांजरीला दूध घालता ना? माया असू द्यावी.
तुमची ईनिड

सेटल, यॉर्कशर, १८ जानेवारी

चि. क्लिफर्डास अनेक आशीर्वाद.

मांजर माझ्या खुर्चीत ठाण मांडून बसली आहे आणि मी स्टुलावर. ईनिडचं पत्र पोचलं. रेडिओवर तिकडच्या डोंगरात बर्फ पडणार असं सांगत होते. लागेल ते सगळं सोबत आहे ना? नसेल तर तिकडे दुकानं असतीलच. असो, तू काही कुक्कुलं बाळ नाहीस. गेल्या वर्षी टायरबद्दल बोलले तर तीन आठवडे पत्र लिहिलं नव्हतंस, म्हणून जास्त लिहीत नाही.

मार्मलेड ओले चमचे घालून नासवू नका. ईनिडला जप. आठवण ठेव.
म्युरिएल

फ्रान्स, २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तारेने कळवलंच आहे. ईनिड मंगळवारी गेली.

रात्रभर बर्फ पडला होता. कॅम्पवर आमची एकच व्हॅन. दहाच्या सुमारास तिच्या छातीत कळ आली. कॅम्पच्या मालकीणबाईंनी फोन केला. रुग्णवाहिका खाली घाटात घसरलेल्या ट्रकमागे अडकली होती. फोनवरचे लोक म्हणाले, ट्रकच्या कडेने तुमच्या व्हॅनपुरती वाट आहे, साखळ्या असतील तर तुम्हीच खाली या, इस्पितळ चौदा किलोमीटर तर आहे. ताई, साखळ्या मी घरी ठेवून आलो होतो. वजन जास्त झालं होतं म्हणून. ईनिडला सांगितलंच नव्हतं.

मी काय केलं माहीत आहे? मागचा कप्पा उघडला आणि शोधायचं नाटक केलं. बायको आत कण्हतेय आणि मी नाही त्या वस्तू उपसतोय. ती आतून म्हणाली, सावकाश बघ क्लिफ, सापडतील, उगाच घाई करू नकोस. मालकीणबाईंनी नवऱ्याच्या विकून टाकलेल्या जुन्या मोटारीच्या साखळ्या आणून दिल्या. आमच्या चाकाला त्या चार बोटं अपुऱ्या. तसाच निघालो, तर पहिल्याच वळणावर व्हॅन आडवी झाली. बर्फ काढणारी गाडी दीड वाजता वर आली. पावणेदोनला सगळं संपलं. दोन तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले.

मी तिला मारलं. याला दुसरा शब्द नाही. एवढंच उरलंय की शेवटपर्यंत तिचा माझ्यावर विश्वास होता. साखळ्या आहेत असं मानूनच ती गेली. हेही नसतं तर मी त्याच वळणावर उडी टाकली असती.

तिने तुला इथून पत्र लिहिलं होतं ना? ते पाठव. तिचं अक्षर बघायचंय.

तुझा क्लिफर्ड

सेटल, २ फेब्रुवारी

चि. क्लिफर्डास आशीर्वाद.

चार वेळा लिहून फाडलं. येत्या गुरुवारी तुला घ्यायला मी बंदरावर येते आहे. स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. व्हॅन तिथेच राहू दे.

ईनिडचं पत्र आलं होतं. बोट, डोंगर, मांजर, असंच सगळं. क्लिफर्डने सगळं जमवलं, असं लिहिलं होतं. पण ते माझ्याकडे नाही रे. काल शेगडी पेटवताना रद्दीबरोबर गेलं. मला माफ कर. तिचं अक्षर हवं तर नाताळची कार्डं आहेत, ती आणते.

तू म्हणतोस ते खरं आहे. तिचा तुझ्यावर पूर्ण विश्वास होता.

यंदाची संत्री घेऊन ठेवली होती, ती खड्ड्यात पुरली. मार्मलेड मी आता करणार नाही. तिथल्या बरण्या कुणालाही देऊन टाक, माघारी आणू नकोस.

माया ठेव म्हणायला मला तोंड नाही. तरी ठेव.
म्युरिएल