मेढ कोणाच्या हातची

११ फेब्रुवारी २०१३, सोमवार

खड्डे खणायला माळावर गेले, तर बिभीषण आधीच तिथं हजर! हातात पहार. "मुरूम हाय आक्का. तुझ्या हातानं न्हाई व्हायचं." एवढंच बोलला. मी खोपी बांधणार असं सांगितल्यापासून हा सख्खा धाकटा भाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

सूतगिरणी बंद पडली. ऑफिसातली नोकरी गेली, अंबाजोगाईची खोली सोडावी लागली. तेव्हापासून याच्याच घरात, पडवीत पडून आहे. नवऱ्याकडून परत आलेली बाई पडवीतच शोभते, असं कुणी म्हणत नाही. तसं वागतात फक्त. वडिलोपार्जित जमिनीत माझा वाटा आहे. कायद्यानं आहे. तो सही करून सोडायचा, मग भावानं चोळीबांगडी करायची, दिवाळीला न्यायला यायचं — इथल्या सगळ्या बहिणी हेच करतात. मी सही केली नाही. माळाचा कोपरा धरला.

मग हा मदतीला काहून आला? (त्याचाच शब्द आला लिहिताना. असू दे.) मदत घेऊ नये असं वाटत होतं. पण पहार माझ्यानं दोनदा उचलली आणि तिसऱ्यांदा नाही. घेतली मदत.

१३ फेब्रुवारी

गीताबाई तुराट्यांचे भारे घेऊन आली. भाऊ मदत करतो म्हणजे भावजयीलाही यावं लागतं. भारा आपटला आणि म्हणाली, "वन्सं, एकट्या जीवाला घर कशाला लागतंय? आमच्याकडं काय अडचन झालती तुमाला?"

"मला नाही, तुम्हाला झाली होती."

बोलायला नको होतं. पण खरं होतं. ती दिवसभर माझ्याकडे पाठ करून कूड बांधत होती. गाठी मात्र घट्ट मारल्या. कामात राग काढते ती, कामावर नाही. हे मला जमत नाही.

१५ फेब्रुवारी

आज मधली मेढ, खोपीचा मुख्य खांब, रोवली. बाभळीची. छपराचं आढं हिच्यावरच पेलायचं.

बिभीषणानं गावातून माणसं बोलावली होती, मला न सांगता. दूध सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव, आणखी दोघं-तिघं. केसरकाकूही आली, आमची विधवा चुलती. गीताबाई म्हणाली, "मेढीला सवाष्णीचा हात लागावा, जोडप्यानं रोवावी. वन्सं, तुमी तांब्या धरा." मी तांब्या धरला. दोघांनी मेढ उचलली, खड्ड्यात सोडली, माती सारली. बिभीषणानं नारळ फोडला. आमचे वडील, अण्णा, लिंबाखाली बसून बघत होते. जवळ आले नाहीत.

अर्जुनराव म्हणाले, "शाब्बास बे! बहिणीला निवारा दिलास."

बिभीषण हसला.

१६ फेब्रुवारी

केसरकाकू: "मेढ ज्याच्या हातची, घर त्याचं. तुला ठावं न्हाई? एवढी कालेजात गेलीस!"

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, म्हणून जाऊ दिलं. ही चूक कशी झाली ते आता दिसतं — मी मानत नव्हते, पण बघायला आलेले सगळे मानत होते.

१९ फेब्रुवारी

भिंती लिंपायला पाणी हवं. पाणी कुठलं? गावाला टँकर दोन दिवसांआड. बिभीषण बॅरल घेऊन आला. "भिजव माती."

"कुठनं आणलंस?"

"तुला काय करायचंय?"

माती भिजवली. गीताबाई आणि मी दोन भिंती लिंपल्या. बाहेरून बघताना बरं वाटलं, हे कबूल.

संध्याकाळी सोसायटीच्या चारा छावणीवर गेले. आमचीही जनावरं तिथंच आहेत. हौदाच्या तळाला ओल तेवढी. साखराबाई आपल्या म्हशीजवळ बसली होती. "आज आमच्या रांगेला पानी कमी आलं बाई. संचालकांनी टँकर कुटं वळविला कुनास ठावं." संचालक म्हणजे माझा भाऊ. म्हैस हौदाचा काठ चाटत होती. मी साखराबाईला काही सांगितलं नाही. घरी आले. नखांत माती होती.

२० फेब्रुवारी

दुसरं बॅरल परत पाठवलं. बिभीषण म्हणाला, "तुझी तत्त्वं तुला फुकट हायेत आक्का. तरास आमाला."

"जनावरांचं पाणी आहे ते."

"अन् कालचं? ते काय गंगेचं व्हतं?"

दोन भिंती लिंपलेल्या, दोन नुसत्या तुराट्यांच्या. वारा आरपार. लिंपलेल्या दोन्ही पाडाव्यात का? पाडून पाणी परत हौदात जाणार नाही. ही पळवाट आहे की विचार आहे, ठरवता येईना.

२३ फेब्रुवारी

घाटनांदूरच्या बाजारात ओळखीपाळखीची बाई: "भावानं खोपी बांधून दिली म्हनं! नशीबवान हायेस."

घरी आले तर अण्णा वाटच बघत होते. आज पहिल्यांदा थेट बोलले.

"भावानं घर दिलं. आता सही कर."

"घर त्यानं दिलं नाही. जागा माझ्या वाट्याची आहे."

"मेढ कुनी रोवली?"

बिभीषण मागं उभा. नजर खाली. पण ओठ आवळलेले, हसू दाबल्यासारखे. म्हणजे पहिल्या दिवशीची पहारसुद्धा याचसाठी होती! माझ्या खोपीचा एकेक वासा तो चोळीबांगडीत जमा करत होता. की हा माझा संशय? मुरमात पहार मारताना त्याच्या हाताला फोड आले होते, ते मी पाहिले आहेत. खोटं काम करणाऱ्याला फोड येत नाहीत का? येतात.

२५ फेब्रुवारी

आढं अजून चढलेलं नव्हतं. मेढ उपटायची तर आजच!

केसरकाकूला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. जागेवरून उठली, पदर खोचला. "मला बी ह्यांनी पडवीच दावली हाय," म्हणाली. "चल."

बुडाची माती उकरली, दोघींनी मेढ हलवली, आडवी केली. रोवलेली मेढ आमच्याकडे कुणी उपटत नाही. घर बुडालं तरच निघते ती. मी हे मानत नाही, आणि तरी आडव्या मेढीला पाय लागू दिला नाही. हे इथं लिहून ठेवलं पाहिजे.

मग तीच मेढ, त्याच खड्ड्यात, परत. काकूनं खालून धरली, मी खांदा लावला.

काकू धापा टाकत म्हणाली, "एक रांडाव, एक टाकलेली. मेढ लाजंल गं!"

"टाकलेली नाही, सोडून आलेली."

"बरं बाई, सोडून आलेली. आता नीट दाब माती."

दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी.

२६ फेब्रुवारी

बिभीषण आला तो शिव्या देतच. कुणीतरी सांगितलं होतं. "माझ्या हातची मेढ उपटली! माझी लेकरंबाळं हायेत. त्यांच्यावर काय आलं म्हंजी?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

"तुझ्या घरची नाही उपटली. माझ्या घरची उपटली आणि मीच रोवली."

"मंग आता आमचा हात न्हाई लागायचा. एका काडीला बी न्हाई!"

"नको लागू देऊस."

तो गेला. गीताबाई उभीच होती. तिनं कमरेची सुतळीची गुंडी काढली, माझ्या पायापाशी टाकली आणि त्याच्यामागं गेली. तो राग होता की मदत? उचलली मी.

२ मार्च

आढं चढलं. काकूची सून चोरून आली होती. वासे बसले. उसाचं पाचट पुरत नाही, सगळं वैरणीत गेलं.

४ मार्च

छावणीवर गेले. साखराबाईला सांगितलं, त्या दिवशीचं पाणी माझ्या भिंतीत आहे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगून तुमाला हलकं वाटलं असंल. म्हशीला काय?" आणि तोंड फिरवलं.

सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं? हलकं वाटलं नाही, एवढं खरं.

७ मार्च

राहायला आले. अर्ध्या छपरावर पाचट, अर्ध्यावर खताच्या गोण्या उसवून शिवलेल्या. कुणी आलं नाही. चूल पेटली.

१० मार्च

दुपारी मोटारसायकल आली. मागे अण्णा, मांडीवर वळकटी. बिभीषणानं त्यांना हात धरून उतरवलं, वळकटी माझ्या दारात ठेवली.

"वाटा पायजे न तुला? बरुबरीचा? मंग बापाचा बी बरुबरीचा. सहा म्हैने तुझ्याकडं, सहा म्हैने माझ्याकडं. दिवाळीला न्यायला येतो. ह्यांना!"

गेला. काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. आणि तो चूक आहे, असं मात्र मला इथं लिहिता येत नाही.

अण्णा बाहेर दगडावर बसून राहिले. पाणी दिलं, घेतलं नाही. ऊन फिरलं तेव्हा आपणच उठले, आत आले, मेढीला हात टेकून सगळीकडं बघितलं.

"डोकं कुनीकडं करून निजू?"

लिंपलेल्या भिंतीकडं, मी म्हणाले.