डोमेनसाठी विनयशील कंपनी पाहिजे

२ मार्च, सोमवार. जेवणानंतर.

आजपासून एक मोठी जबाबदारी शिरावर घेतली. कोणी दिली नव्हती, मीच घेतली.

हकीगत अशी. ही, म्हणजे माझी बायको, वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणते. मागच्या खोलीत. दंतवैद्याचं बाकडं, कोपऱ्यावरच्या हॉटेलचे स्टूल, कोणाकोणाच्या आजोबांच्या आरामखुर्च्या. आता इथल्या मोठ्या वाचनालयाला अभ्यासिकेतल्या एकूण एक खुर्च्या नव्याने विणून घ्यायच्या आहेत. वर्षभराचं काम. असं काम हिला आजवर मिळालं नव्हतं. अट एकच. ज्यांची स्वतःची वेबसाइट आणि त्याच नावाचा ईमेल आहे, त्यांचेच प्रस्ताव घेणार. मुदत महिनाअखेर.

माझी भाची कॉम्प्युटरमधली. ती म्हणाली, मामी, वेबसाइटचं नाव कुठल्यातरी कंपनीकडे नोंदवायचं, त्याला डोमेन घेणं म्हणतात. दहा मिनिटांचं काम. चहा उकळेपर्यंत होतं.

मी म्हटलं, ज्या कंपनीच्या हाती आपलं नाव सोपवायचं, ती दहा मिनिटांत निवडायची? मी टोमॅटो घ्यायलासुद्धा याहून जास्त वेळ लावतो.

ही म्हणाली, हो ना, आणि तरी नासकेच आणता.

भाची हसली. तरुण पिढीला गांभीर्य म्हणून नाही.

संकल्प: कंपनीची निवड मी करणार. शास्त्रशुद्ध. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धांत, या क्रमाने.

३ मार्च. सकाळी.

नावाचा विषय निघाला. मी 'वेत्रासन' सुचवलं. काय शब्द आहे! ही म्हणाली, लोक योगासन समजून पाय डोक्यावर घ्यायला येतील. तिने स्वतःच एक साधं, कोणालाही कळेल असं नाव ठरवलं. भाचीने लगेच पाहून सांगितलं की मोकळं आहे. ठीक. नाव काय, कोणीही ठेवतं. खरी परीक्षा कंपनीची.

५ मार्च. रात्री.

ऑफिसात, मधल्या सुट्टीत कामाला लागलो. कंपन्या ढीगभर निघाल्या. चाळून तीन ठेवल्या. त्यांची खरी नावं कानाला गोड नाहीत, म्हणून मी आपली ठेवली: स्वस्ताई, मितभाषी आणि विनयशील.

एक धक्कादायक शोध. डोमेन विकत मिळतच नाही! दरवर्षी भाडं भरायचं. म्हणजे मनुष्य आपल्याच नावात भाडेकरू. घरी आल्यावर हा विचार हिला सविस्तर सांगितला. ती म्हणाली, भिजवलेला वेत सुकतोय, जरा बाजूला व्हा.

८ मार्च, रविवार.

स्वस्ताई बाद. पहिलं वर्ष जवळजवळ फुकट, दुसऱ्या वर्षापासून चौपट. शिवाय नुसतं नाव मागितलं तर टोपलीत आपोआप आणखी सहा वस्तू येऊन बसल्या. एक काढली की दुसरी विचारते, मला का काढता? आमच्या ऑफिसचा हिशेबनीस, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, शुक्रवारीच म्हणाला होता, या कंपनीने नक्की लग्नाचा हॉल चालवला असणार.

दोन उरल्या. भाचीचा फोन. मामा, झालं का? म्हटलं, चिंतन चालू आहे. म्हणाली, चिंतनाला अपडेट येतो का? फोन ठेवला.

९ मार्च. ऑफिस.

सुचलं! कसं आधी सुचलं नाही? माणूस ओळखावा पत्रावरून. आणि पत्रातलं मला कळत नसेल तर कोणाला कळेल? विमा कंपनीच्या पत्रोत्तर विभागात माझं अर्धं आयुष्य गेलं. लोक तक्रार करतात, मी उत्तर लिहितो. माझ्या पत्राने कोणाचं काम झालं असेल-नसेल, पण मन कोणाचं दुखलेलं नाही.

दोन्ही कंपन्यांना ईमेलने एकच पत्र पाठवलं. प्रश्न तीन. नाव तुमच्याकडे सुरक्षित राहील का? पुढे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं झालं तर आडकाठी कराल का? पुढच्या वर्षीचा दर काय? प्रस्तावना दीड पान.

त्याच दिवशी, चहाच्या वेळी.

मितभाषीचं उत्तर आलंसुद्धा. जसंच्या तसं उतरवतो: "हो. नाही. यंदाचाच."

संपलं! मायना नाही, शेवट नाही, कळावे नाही. तार आल्यासारखा दचकलो. घरी सगळे बरे आहेत ना, असं क्षणभर वाटून गेलं. हिशेबनीस म्हणाला, पण तिन्ही उत्तरं मिळाली की! हिशेबनिसाला भाषेचं काय होय. मितभाषी बाद. संस्कार नाहीत.

१२ मार्च.

विनयशीलचं पत्र आलं. सावकाश आलं, पण वरात सावकाशच येते. हेही उतरवून ठेवतो: "आपल्या अमूल्य पत्राने आम्हांस उपकृत केले आहे. आपण व्यक्त केलेली जिज्ञासा आमच्या कार्यास दिशा देणारी असून, तिचा सर्वंकष विचार करण्याची संधी मिळाली याचा आम्हांस आनंद वाटतो."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने. हिशेबनिसाने विचारलं, मग दर काय म्हणतात? मी म्हटलं, ते दिलेलं नाही. सुरक्षिततेचं? तेही नाही. मग उत्तर आहे कुठे? म्हटलं, उत्तर नाहीच. पण ज्या तऱ्हेने ते नाही, ती बघा!

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भारावला असावा.

१४ मार्च, शनिवार.

सिद्धांत झाला. विनयशीलकडे नाव नोंदवलं. पैसे भरले. भाची कुरकुरली की मितभाषी स्वस्तही होती आणि सरळही. तिला म्हटलं, बेटा, अडचणीच्या वेळी माणसाला आधार शब्दांचाच असतो.

हिने विचारलं, झालं? म्हटलं, झालं. हातातली वीण न सोडता म्हणाली, बरं झालं बाई. हिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे शाल-श्रीफळच.

संध्याकाळी विनयशीलचं अभिनंदनाचं पत्र. तीन परिच्छेद. पहिले दोन आस्वाद घेत वाचले. तिसरा वाचला नाही. आमच्या व्यवसायात शेवटचा परिच्छेद शोभेचा असतो: सहकार्याची अपेक्षा, लोभ असावा, वगैरे. तो वाचणं म्हणजे पाकिटावरची वेलबुट्टी वाचणं. खाली एक निळा चौकोनही होता. शिक्का असावा. नीटनेटकी माणसं.

आभाराचं पत्र लिहिलं. सव्वा पान.

१८ मार्च.

नोंदणीनंतरचं विनयशीलचं दुसरं पत्र! मी न मागता! आता हा नुसता व्यवहार राहिलेला नाही. त्यातलं "आपल्या प्रतिसादाची आम्ही चातकासारखी वाट पाहत आहोत" हे वाक्य ऑफिसच्या एका पत्रात वापरलं. साहेबांनी विचारलं, या गृहस्थाने गाडीच्या अपघाताची भरपाई मागितली आहे, चातक कुठून आला? पण खोडलं नाही.

प्रतिसाद पाठवला. दोन पानं. यावेळी ऋतूचंही थोडं वर्णन केलं.

२२ मार्च, रविवार.

भाची येऊन वेबसाइट बांधून गेली. हिचं नाव वर झळकतंय. ही हात पुसत आली, उभ्यानेच पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहायला बसली. मग म्हणाली, अक्षर चांगलं आहे.

त्याच जोरावर हिने वेताच्या मोळ्या मागवल्या. दंतवैद्याला सांगून टाकलं की वर्षभर जमायचं नाही. मी म्हटलं, काम मिळाल्यावर सांगितलं असतंस. तर म्हणाली, तुम्ही एवढी पारखून कंपनी घेतलीत, मी इतकं तरी करू नको?

छाती फुगली. अजून फुगलेलीच आहे.

विनयशीलचं तिसरं पत्र आलं. शिक्का थोडा मोठा झालाय. आपली पत वाढली असावी.

२९ मार्च, रविवार. सकाळी.

वेबसाइट नाही.

काल होती. आज त्या जागी पांढरं पान: हे नाव तूर्त स्थगित करण्यात आले आहे. भाची परगावी, फोन लागत नाही. मुदत परवा.

हिला सांगितलं. वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. वेताच्या मोळ्या भिंतीशी रचल्या होत्या, त्यातली एक उगाचच सरळ केली आणि खोलीत जाऊन बसली. भांडली असती तर परवडलं असतं. भांडणाला मी उत्तर देऊ शकतो, तो माझा धंदा आहे.

दुपारी.

विनयशीलला तक्रारीचं पत्र. चार खर्डे केले. चौथा फारच उतरला. रागातही तोल सुटलेला नाही.

संध्याकाळी.

उत्तर आलं. "आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो. आपल्याला झालेल्या गैरसोयीने आम्हीही व्यथित आहोत."

हे वाक्य माझं आहे. म्हणजे त्यांनी चोरलेलं नाही, पण मी रोज हेच लिहितो. आज पहिल्यांदा ते माझ्या पत्त्यावर आलं. रचना उत्तम. पण वाचून झाल्यावर माणूस होता तिथेच उभा असतो. हे मला कोणी आजवर कळवलं कसं नाही? की तक्रारींतून तेच कळवत होते?

असो. थकव्याने असे विचार येतात.

३० मार्च. सकाळी.

हिने सगळी पत्रं मागितली. म्हटलं, भाषा जरा जड आहे, मी अर्थ सांगतो. म्हणाली, अर्थ नको, पत्रं द्या.

आणि हिने पत्र खालून वाचायला घेतलं! खुर्ची दुरुस्तीला आली की ती आधी उलटी करून पाहते, तशीच पत्रंही. अभिनंदनाच्या पत्राच्या तळाशी, तिसऱ्या परिच्छेदात: "ईमेल आपलाच असल्याची खात्री करण्यासाठी कृपया खालचे निळे बटण दाबावे. पंधरा दिवसांत न दाबल्यास नाव स्थगित होईल." दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. कालच्या पत्रात बटण बिस्किटाएवढं होतं.

हिने विचारलं, अहो, हे काय आहे?

म्हटलं, शिक्का.

हिने शिक्का दाबला. तासाभरात वेबसाइट परत.

तेवढ्यात भाचीचा फोन लागला. सगळं ऐकून इतकी हसली की उचकी लागली. पाणी पिऊन आली आणि म्हणाली, मामा, चातकाचं पुन्हा एकदा सांग ना. मी शांतपणे समजावलं की चूक रचनेची आहे. पत्रात मुद्दा घालायचाच होता, तर तशी पूर्वसूचना द्यायला हवी. पत्रात मुद्दा असेल अशी अपेक्षा कोण ठेवतो?

ही मोळ्यांकडे पाठ करून उभी होती. खांदे हलत होते. घाबरून जवळ गेलो, तर तीही हसत होती.

३१ मार्च. दुपारी.

प्रस्ताव गेला. हिला चारच ओळी लिहायच्या होत्या: खुर्चीमागे इतके, महिन्याला इतक्या, कळावे. मी म्हटलं, वाचनालय आहे ते, किराणा दुकान नव्हे! तिथली माणसं शब्दांवर जगतात. बराच वाद झाला. शेवटी दर आणि संख्या हिची, बाकीची साडेपाच पानं माझी. आसनस्थैर्य आणि अध्ययन यांच्या अन्योन्य संबंधावर जे लिहिलंय, ते वाचून ग्रंथपालबाई खुर्ची सोडून उभ्या राहतील. भाचीने सोबत हिच्या विणलेल्या एका खुर्चीचा फोटो जोडला. हरकत नाही. तोंडीलावणं म्हणून.

काम मिळालं तर या पत्रामुळे. हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको.

९ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी.

काम मिळालं!

ही मागच्या खोलीत गाणं म्हणतेय. इतकी वर्षं ऐकतोय, चाल अजून सापडलेली नाही. पहिल्या खुर्च्या सोमवारी येणार. त्यांतला जुना, तुटका वेत काढून टाकायला एक माणूस लागेल, आणि तो माणूस मी असल्याचं मला कळवण्यात आलं आहे. म्हटलं, पत्रव्यवहार कोण सांभाळणार? ही म्हणाली, भाची.

ग्रंथपालबाईंचं पत्र हिने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचलं. आधी एकदा, मग भाचीच्या आग्रहावरून पुन्हा. "आपल्या प्रस्तावासोबतचे पत्र विस्तृत असल्याने समितीपैकी कोणास पूर्ण वाचता आले नाही. तथापि फोटोतील वीण पाहून काम आपणास द्यावे असे एकमताने ठरले."

वाचता आलं नाही! वाचनालयाला!

पण शांत डोक्याने विचार करता, काम मिळालं ते फोटोमुळे. आणि फोटो काढला कोणी? मीच. एका कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, तेवढा भाचीने कापून टाकला.