आवृत्ती दोनची घाई नाही

३ फेब्रुवारी
आजपासून वही. फक्त माझ्यासाठी. ग्रंथालयांसाठी मी लिहिलेलं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे आणि पाच वर्षांत मी एकच आवृत्ती काढली. याला म्हणतात संयम. माझा जुना सहकारी, उतावळा, दर पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती काढू म्हणायचा. हाकलला त्याला. आवृत्ती म्हणजे काय दाढी आहे, वाढली की काढली?

११ फेब्रुवारी
बायको शाळेच्या ग्रंथालयात आहे. माझंच सॉफ्टवेअर वापरते. तक्रार अशी, की शनिवारी परत आलेल्या पुस्तकाची नोंदच होत नाही. मग पोरांच्या घरी 'पुस्तक परत करा' म्हणून चिठ्ठ्या जातात आणि पालक येऊन हिला झापतात. सांगितलं, ती चूक मी दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केली, कोडमध्ये पडून आहे. मग दे की, म्हणाली. आता हिला काय सांगायचं! दुरुस्त करणं वेगळं, देणं वेगळं. आवृत्ती दोनमध्ये येईल.

१२ फेब्रुवारी
ठरलं. आवृत्ती दोन १ मार्चला. काहीही होवो.

१ मार्च
काढली नाही. बटणांचे कोपरे गोल हवेत, हे सकाळी आंघोळ करताना लक्षात आलं. असल्या टोकदार कोपऱ्यांनी चारचौघांत जायचं? नवी तारीख १५ मार्च.

१५ मार्च, दुपारी ४
कोपरे गोल झाले. आता पुस्तकांची यादी उघडत नाही. किरकोळ आहे. एका वापरकर्त्याने विचारलंय, हा प्रकल्प जिवंत आहे का. फुकट्यांची मिजास बघा! उत्तर देणार नाही. मसुदा लिहिण्यात तीन तास गेले.

२ एप्रिल
उतावळ्याने माझा कोड उचलून स्वतःचा वेगळा प्रकल्प काढला. नियमात बसतं. नियम मीच केले होते, तेव्हा लोक सज्जन वाटायचे. चूक राहिली तर पुढच्या पंधरवड्यात सुधारू, म्हणे. चुकायचं आणि वर तारीख टाकून चुकायचं. शी!

६ एप्रिल
बायकोने पुन्हा शनिवारचं काढलं. परिपूर्णता म्हणजे काय, ते अर्धा तास समजावलं. 'बरं,' म्हणून कामाला लागली. पटलं असावं.

३० एप्रिल, सकाळी ११
आवृत्ती दोन प्रसिद्ध! सोबत दोन पानी निवेदन. उतावळ्याने आता दुकान आवरावं.

२१ मे
तीन आठवडे झाले, एकही तक्रार नाही. एकही! पक्कं काम असं असतं.

२२ मे
घोळ झाला. वेबसाइटवरची आवृत्ती दोन स्वतः डाउनलोड करून पाहिली. नाव नवं, आत पाच वर्षांपूर्वीचीच जुनी फाइल. चढवताना मीच चुकीची निवडली. आजवरची डाउनलोड: एक. म्हणजे आत्ताची, माझी.

तरी तडक बायकोच्या ग्रंथालयात गेलो. म्हटलं, जगाचं जाऊ दे, तुझा शनिवार आत्ता हाताने दुरुस्त करून देतो. ती सुट्टीतल्या आवराआवरीत चिठ्ठ्यांचा जुना गठ्ठा रद्दीत टाकत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "सात एप्रिलपासून भाऊजींचं वापरतेय."

उतावळ्याला ती भाऊजी म्हणते. त्याच्या पहिल्याच आवृत्तीत शनिवारची दुरुस्ती होती. माझीच, जशीच्या तशी. खाली आभारात माझं नावही आहे. फार वाईट वाटलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

बटणांचे कोपरे टोकदारच आहेत. शनिवार चालतोय.