आपट्याची चुलतबहीण

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी झाडाचं नाव घेताना मी अजून जरा चाचरतेच. तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी तुमच्याकडे पोळ्या करायला यायचे. माझी शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं सगळं तुमच्या ओट्यापाशी झालं. अजून दिसतं: मी वांगी चिरतेय, तुम्ही शेजारी चहा घेत उभ्या. "वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, सगळी एका कुळातली. तुझ्या कढईत भाऊबंदकी शिजतेय!" मी हसते. एका दसऱ्याला मी आपटा म्हणून कांचनाची पानं आणली, तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. "अगं, दोघांचं आडनाव एक, म्हणून माणूस एक का? नुसतं पान बघून सोयरीक जुळवू नये. फूल बघ, शेंग बघ, मग नातं सांग." शास्त्रात आडनाव आधी आणि नाव मागून, हेही तेव्हाच कळलं. आता मी मुलाकडे जपानात असते, ग्योतोकुला. इथे माणसांचंही तसंच, आडनाव आधी. दवाखान्यात पुकारा झाला की तुमची आठवण येते.

यंदा इथल्या मराठी मंडळींनी दसऱ्याला हॉल घेतला. आपटा कुठून आणणार? एका मुलीनं स्टेशनजवळच्या झाडांची पानं वेचून आणली. इचो म्हणतात त्याला इथे, म्हणजे गिंको. मधोमध दुभंगलेलं पान, नुकतं पिवळं पडायला लागलेलं. "काकू, तुमची सून सांगत होती, तुम्हाला झाडांतलं कळतं. हे आपट्यातलंच ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मग! आपट्याची चुलतबहीणच ती." टाळ्या पडल्या. बाई, सोनं म्हणून ते पान द्यायला काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती नातं सांगायला. आपटा शेंगेच्या कुळातला. या इचोला धड फूलसुद्धा येत नाही, बी उघडीच, आणि पिकून पडली की वास असा की नाकाला पदर लावावा.

माझी नात तिसरीत आहे. तिनं ते पान वर्गात नेलं आणि आजीचं शास्त्र सांगितलं. तिच्या बाईंनी समजावलं, की या झाडाचं जगात आता सख्खं-चुलत कुणीच उरलेलं नाही. पोरं हसली. घरी आली ती दप्तरही न काढता माझ्यासमोर उभी. "आजी, उसो?" उसो म्हणजे खोटं. "मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आजीला झाडं माहितीयेत." मी तिला जवळ घेतलं. "चुकले गं बाळा. वय झालं, विसरायला होतं." तिनं लगेच माफ केलं. उलट तेव्हापासून माझ्या मागेमागे फिरते, "आजी, गॅस बंद केलास? चष्मा कुठे ठेवलास?"

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी विसरले नव्हते. पान हातात घेताना तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता. पण इथे मला सगळे एवढंच विचारतात, जेवलात का, झोप लागली का. त्या दिवशी कुणीतरी मला येतं त्यातलं काही विचारलं, आणि मला "नाही" म्हणवेना. आज सकाळी नातीनं माझ्या गोळ्यांच्या डबीवर आठवड्याचे वार लिहून दिले, मी विसरू नये म्हणून. "गुणाची गं माझी," म्हटलं, आणि डबी ठेवून घेतली.