मुरूम बसेपर्यंत

ता. ९ फेब्रु. १९३१
होटगी रस्त्याच्या प्लॉटवर पाया खणला. छातीभर खाली गेलो तरी काळीच माती, भिजली की फुगणारी नि वाळली की भेगाळणारी. जन्मभर ओव्हरसियर म्हणून लोकांचे पाये नापास केले आणि पेन्शनीत स्वतःला ही जागा घेतली! सौ.ला तिथलं लिंबाचं झाड आवडलं म्हणून. मला अक्कल नको होती?

ता. १७ फेब्रु.
काळी माती उपसून मुरूम भरायचा. थर, पाणी, धुम्मसाचे ठोके, परत थर. मग एक पावसाळा तसाच सोडायचा. भिजून बसला की मगच वर बांधकाम. रहिमान गवंडी म्हणाला, "सायेब, थांबायचं कशाला? आत्ताच बांधू की. भेग पडली तर बुजवू." झापला त्याला.

ता. ५ मार्च
सौ.ला मोठ्या डॉ.कडे नेलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, पावसाळा काढतील असं धरून चालू नका.
नवी पेठेतल्या खोलीचा जिना तिला चढवेना. रहिमाननं नि मी खुर्चीत बसवून वर नेलं. म्हणाली, "आपल्या घरात असं उचलून न्हाय न्यायचं हं. उंबरा माझ्या पायानं वलांडणार." बदल्यांपायी सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला तिचा.

ता. २८ मार्च
भराव पुरा झाला, पण विहिरीनं तळ गाठलाय. पाण्यावाचून मुरूम काय बसणार? धुम्मसाचा नुसता आवाज. घरी गेलो की तिचा एकच प्रश्न, "बसला का ओ तुमचा मुरूम?"

ता. १९ एप्रिल
रहिमानला सांगितलं, पुढच्या दाराची चौकट उभी कर. आहे त्याच भरावावर.
"सायेब, तुमी म्हणता हे?"
मीच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर उखडायला लावलं असतं.

ता. २६ एप्रिल
चौकटीची पूजा. सौ.ला टांग्यातून नेलं. हळदकुंकू वाहिलं, माझा हात धरून उंबरा ओलांडला. पलीकडे ना भिंत ना छप्पर, नुसतं ऊन. "हितं चूल. तितं देव." मी मान डोलावत राहिलो. रडू आवरेना, म्हणून झाडामागं गेलो.

ता. १४ जून
दोन दिवस पाऊस. प्लॉटवर जाऊन आलो. भराव एका अंगानं खचलाय. ओळंबा लावला, चौकट रस्त्याकडं कललीय. उतरवून ठेवायची नि दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, दुसरा इलाज नाही. दिवाळीपर्यंत!
सौ. आता उठत नाही. आवाजही पार बसलाय. कान जवळ नेला तर, "चौकट सरळ हाय न्हवं?"
"ओळंब्यात आहे," म्हणालो.
"मग भिंती घ्या की वर."
रहिमान सकाळी येतोय. त्याला काय सांगू, भिंत घे की चौकट उतरव?