एत्तोरेची मोटार

फ्लॅट बुश, ऑकलंड
१६ सप्टेंबर २०१४

प्रिय सुधाकर,
गुरुनाथचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? इकडे गंधार, प्राची, ओवी मजेत. मी मात्र रविवारपासून धड जेवलेलो नाही.

एकाहत्तर साली आपण इटालियनच्या वर्गाला जायचो, आठवतं? (तू परीक्षा पास झालास. मी दीड महिन्यात पळालो.) हे मी सूनबाईला, कंसातला भाग वगळून, सांगून बसलो. प्राचीने ते शेजारच्या क्लाराला सांगितलं. क्लाराची आई रोझा परवा पंच्याऐंशी वर्षांची झाली. तिचे वडील एत्तोरे इटलीत फुटबॉल खेळायचे, बचावफळीत. तरुणपणीच सगळं सोडून बोटीने इकडे आले. त्यांच्यावर त्यांच्या गावच्या साप्ताहिकात आलेलं एक कात्रण क्लाराला पेटीत सापडलं. घरात इटालियन कोणालाच वाचता येत नाही. झालं, वाढदिवसाला ते मी सर्वांसमोर इंग्रजीत वाचून दाखवायचं ठरलं!

हॉलमध्ये साठ माणसं. कात्रण उघडलं. 'तेर्त्सिनो' दिसलं. 'तेर्त्सो' म्हणजे तिसरा एवढं आठवत होतं, म्हणून एत्तोरेंना इटलीतला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू करून टाकलं. टाळ्या पडल्या. पुढे शेवटच्या सामन्यात 'आउतोरेते' आलं; 'आउतो' म्हणजे मोटारच असणार. मी त्यांना बक्षीस म्हणून मोटार दिली. पुन्हा टाळ्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पाहुणा टाळ्या न वाजवता माझ्याकडे टक लावून बघताना दिसला. तो रोझाचा भाचा मात्तेओ, आदल्याच दिवशी इटलीहून आलेला! उरलेला मजकूर मी चार वाक्यांत संपवला.

केक कापल्यावर तो जवळ आला. कात्रण मागून घेतलं, सावकाश वाचलं.
"तेर्त्सिनो म्हणजे बचावपटू," तो हळूच म्हणाला. "आणि आउतोरेते म्हणजे मोटार नाही. आपल्याच गोलात मारलेला गोल. त्यावरच क्लब खालच्या विभागात गेला."
"आता?" मी विचारलं.
"मावशी खूश आहे," एवढंच म्हणून तो केककडे वळला.

ओवी म्हणाली, "आजोबा, यू वेअर सो गुड!" हातातला केक मी तसाच बशीत ठेवला. काल सकाळी शेवटी रोझाबाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता ह्या बाई मला हाकलणार.

मग म्हणाल्या, "गुरुनाथ, तो गोल मला ठाऊक आहे. त्यानंतर गावात बाबांशी कोणी बोलेना, म्हणून ते इथे आले. ते कात्रण पेटीच्या तळाशी मीच दडवलं होतं. तुम्ही वाचायला उभे राहिलात, तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. आणि तुम्ही त्यांना मोटार दिलीत!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही, पण मी चष्मा पुसला.

वहिनींना नमस्कार.
तुझा,
गुरुनाथ

ता. क. सोबत कात्रणाचा फोटो आहे. रोझाबाईंना आता खरं काय लिहिलंय ते ऐकायचंय, एकट्यांना. भाषांतर करून लगेच पाठव. त्या गोलाजवळ जरा जपून लिही.

ता. क. २. प्राचीला हे अजून सांगितलेलं नाही. तिने परस्पर वाचनालयात शिक्षक म्हणून माझं नाव दिलंय: सोमवारपासून इटालियनचा वर्ग, अकरा विद्यार्थी. तुझं पाठ्यपुस्तक कुरिअरने धाड. निदान पहिला धडा तरी फोनवर शिकव.