विजेचे साठ जर्मन शब्द

२ जून, सकाळ
काम मिळालं! जुन्या जर्मन ट्रान्सफॉर्मरच्या मॅन्युअलमधले साठ शब्द इंग्रजीत करायचे. पसंत पडले तर अख्खं मॅन्युअल आपलं, वर पहिल्या पानावर नाव. एजन्सीच्या मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत द्या. म्हटलं, शुक्रवारीच घ्या! डाव्या हाताचा मळ.

ही म्हणाली, अर्धे मला दे. जर्मनच्या क्लासात आम्ही एकाच बाकावर होतो, तिथेच जमलं, हे खरं. पण क्लासातलं जर्मन वेगळं, टेक्निकल वेगळं. नीट समजावून सांगितलं. हसली.

३ जून
टेबल खिडकीशी नेलं. उजेड हवा. दुपारी परत भिंतीशी आणलं. उजेड फार होता. शब्द एकही नाही, पण बैठक पक्की झाली.

४ जून
पहिलाच शब्द डेंजर. क्रीखश्ट्रेक. सरपटण्याचं अंतर! वीज कधीपासून सरपटायला लागली? डिक्शनरीत नाही. ही म्हणे, पुढचे घे, हा मागून बघू. छे! पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे आपलं तत्त्व. दिवसभर येरझाऱ्या. खालचे काका वर येऊन विचारून गेले, घर बदलताय का.

५ जून
तोडगा सापडला. आधी प्रस्तावना लिहायची, शब्द मागोमाग येतील. चार पानं झाली. वाचताना माझेच डोळे भरून आले.

६ जून
मॅडमचा फोन. हिला म्हटलं, सांग, आंघोळीला गेलाय.

७ जून
फोन दोनदा. दोन्ही वेळा आंघोळ. मॅडम म्हणाल्या म्हणे, फारच स्वच्छ माणूस. ही तासभर बोलत बसली. हिला कुणीही चालतं गप्पांना! मी प्रस्तावनेतले स्वल्पविराम हलवत होतो.

९ जून
दिलं पाठवून! अकरा पानं प्रस्तावना आणि एक शब्द: क्रॉलिंग रोड. मॅडम थक्क होणार.

१० जून
फोन वाजला. धावत जाऊन मीच उचलला. मॅडम म्हणाल्या, जरा बाईंना द्या.

शनिवारी तासभर फोनवर ही शब्दच सांगत होती. साठच्या साठ. क्रीखश्ट्रेक म्हणजे क्रीपेज डिस्टन्स. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वीज सरकत गेली तर तिला कापावं लागणारं अंतर. मला म्हणाली, तुझं नाव जाऊ नये म्हणून केलं रे. मॅडमनी मॅन्युअल हिलाच दिलं. पहिल्या पानावर हिचं नाव येणार.

वाईट वाटलं. फार वाटलं. मग ठरवलं, एकाचं नाव झालं की अख्खं घर मोठं होतं. मी सल्लागार.

१३ जून
टेबल पुन्हा खिडकीशी. उजेड मुळीच फार नाही म्हणे. सल्ला अजून विचारलेला नाही. चहा झाला का, हे दोनदा विचारलं.

मगाशी मॅडमचा फोन. मी उचलला. ही मान वर न करता कुजबुजली, हातातलं पान संपू दे, सांग आंघोळीला गेलीय. सांगितलं.

मॅडमनी लगेच विश्वास ठेवला.